केटलवेलच्या बुजगावण्यांना भेटायला जाताय? मग हे वाचून निघा

भारतातून आलेले आमचे आप्पा इंग्लंडातल्या केटलवेलच्या पुलावर बसमधून उतरले, चारी बाजूंना नजर फिरवली आणि पहिला प्रश्न टाकला, "पीक कुठाय?"

प्रश्न रास्त होता. गावात पावलापावलाला बुजगावणी, आणि आसपास ना गहू, ना ज्वारी, ना मका. डोंगरउतारावर नुसतं गवत, बिनगिलाव्याची दगडी कुंपणं आणि मेंढ्या. पाखरांनी चोच मारावी असं काहीच नाही. आयुष्यभर माणदेशात शाळूची राखण केलेल्या माणसाला हे कोडं पडणारच. "मग हे राखतंय काय?" असं त्यांनी जवळच्या एका बुजगावण्याकडे बोट दाखवून विचारलं. ते बुजगावणं आरामात बाकावर बसून वर्तमानपत्र वाचत होतं.

लीड्स, ब्रॅडफर्ड, मँचेस्टरकडे नव्यानं आलेल्या मराठी मंडळींचे दर जुलैत मला फोन येतात. ते बुजगावण्यांचं गाव कुठलं, जायचं कसं, भारतातून आई-बाबा आलेत, त्यांना झेपेल का? दरवेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा बैजवार लिहून टाकतो. मी तिथला रहिवासी नाही की आयोजकांपैकी नाही. चार-पाच वेळा जाऊन, त्यातल्या दोनदा चुका करून जे कळलं तेवढं सांगतोय.

हे नेमकं आहे काय

केटलवेल हे उत्तर इंग्लंडात यॉर्कशायर डेल्समध्ये, व्हॉर्फ नदीच्या वरच्या अंगाला वसलेलं छोटं खेडं. स्किप्टनपासून साधारण १५ मैल, म्हणजे २४ किलोमीटर. १९९४ साली गावच्या शाळेसाठी नि चर्चसाठी चार पैसे उभे करायला लोकांनी ही शक्कल काढली. प्रत्येक घरानं दारात एक बुजगावणं उभं करायचं आणि बघायला येणाऱ्यांना गावभर फिरवायचं. ते जे सुरू झालं ते ऑगस्टात भरतच राहिलं.

आप्पांना मी हे सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे शाळा राखतंय की." त्यानंतर पिकाचा विषय त्यांनी काढला नाही.

'फेस्टिव्हल' हा शब्द ऐकून जत्रा डोळ्यांपुढे आणू नका. आकाशपाळणा नाही, भोंगे नाहीत, मोठा मंडप नाही. तुम्ही पायी फिरता, घराघरापुढे थांबता, बघता, हसता, पुढे जाता. आपल्याकडची जवळची तुलना शोधायची तर गणपतीचे देखावे बघायला रात्री गल्लोगल्ली हिंडणं, फक्त इथं दिवसाउजेडी आणि रांगेशिवाय. नागपूरच्या मंडळींना पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतींसोबत निघणारे बडगे, म्हणजे पुतळे, आठवतील. वर्षभरात गाजलेल्या माणसांची, घटनांची तशीच टर इथंही उडवलेली असते. फरक इतकाच की आपण 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' म्हणत शेवटी त्यांना जाळतो, आणि इथले लोक बुजगावण्याचं डोकं काढून गॅरेजमध्ये जपून ठेवतात, पुढच्या वर्षी कामाला येईल म्हणून. जाळायचा पुतळा त्यांच्याकडे वेगळा आहे, ५ नोव्हेंबरचा गाय फॉक्स, म्हणजे पार्लमेंट उडवायच्या जुन्या कटातला माणूस. जुन्या कपड्यांत चिंध्या कोंबून माणूस उभा करायची कला इंग्रज पोरांच्या हातात आली ती बरीचशी त्याच्यामुळे.

खरं बुजगावणं मात्र शेतातलंच. इंग्लंडातही एके काळी पेरणीनंतर पाखरं हाकलायला लहान पोरांना रानात उभं करत. हातात लाकडी टाळ्या, दिवसभर खडखडाट. आपली पोरं माळ्यावर चढून गोफण फिरवायची नि डबा बडवायची, तसंच. शाळा सक्तीची झाल्यावर पोरं रानातून वर्गात गेली. या भागातल्या जुन्या बोलीत बुजगावण्याला 'फ्ले-क्रो' म्हणत. फ्ले म्हणजे भिववणं. मराठीतलं 'बुजणं' आणि 'बुजगावणं' यांचं जे नातं, अगदी तेच. स्कॉटलंडमध्ये तर त्याला 'टॅटी बोगल' म्हणतात, म्हणजे बटाट्याच्या शेतातलं भूत. हे शब्द आप्पांनी माझ्याकडून दोनदा म्हणून घेतले.

पहिली पायरी: दिवस निवडणं

उत्सव साधारण ऑगस्टच्या मध्याला येतो, शनिवारी सुरू होऊन पुढच्या रविवारी संपतो. नऊ दिवस, म्हणजे नवरात्रच म्हणा. तारखा दरवर्षी थोड्या सरकतात, त्यामुळे निघण्याआधी त्या वर्षीच्या तारखा बघाच. गेल्या वर्षीच्या फोटोवरची तारीख धरून जाऊ नका. एक मित्र असा गेला होता. त्याला गाव मिळालं, नदी मिळाली, मेंढ्या मिळाल्या. बुजगावणी आदल्याच आठवड्यात उतरवली होती.

जमलं तर मधला वार धरा, मंगळवार किंवा बुधवार. शाळांना सुट्ट्या असतात, त्यामुळे मधल्या वारीही पोरंटोरं असतात, पण शनिवार-रविवारची चेंगराचेंगर टळते. सुटी मिळत नसेल तर शनिवारी सकाळी दहाच्या आत पोचा. अकरानंतर अरुंद रस्त्यावर गाड्यांची जी गचडी होते ती बघून आप्पांना आठवडी बाजार आठवला.

आणखी एक, पहिल्या दोन-तीन दिवसांत जाणं बरं. बुजगावणी तेव्हा ताजी असतात. आठवड्याच्या शेवटी दोन पाऊस खाऊन त्यांची मान कलंडते, पोट खाली सरकतं, मिशी एका बाजूनं लोंबायला लागते. काहींना तीच अवस्था आवडते. मला स्वतःला आठव्या दिवशीची बुजगावणी जास्त माणसांसारखी वाटतात, पण पहिल्यांदाच जाताय तर ताजी बघा.

दुसरी पायरी: पोचायचं कसं

गाडी नसेल तर घाबरू नका. लीड्सहून स्किप्टनला थेट रेल्वे आहे, पाऊण तासात पोचवते. ब्रॅडफर्डच्या फॉर्स्टर स्क्वेअर स्टेशनवरूनही स्किप्टनची गाडी मिळते. स्किप्टनला उतरल्यावर ग्रासिंग्टनमार्गे बकडेनकडे जाणारी ७२ नंबरची बस धरायची. बसचा नंबर बघून पुरत नाही. सगळ्याच बस केटलवेलपर्यंत जात नाहीत, काही ग्रासिंग्टनलाच संपतात. चढताना ड्रायव्हरला 'केटलवेल?' एवढं विचारा. रविवारचं वेळापत्रक निराळं असतं, उन्हाळ्यात डेल्सबसच्या वेगळ्या गाड्या धावतात, तेही आधी बघून ठेवा.

आणि परतीची शेवटची बस किती वाजता आहे ते कागदावर लिहून खिशात ठेवा. फोनवर नको. खोऱ्यात शिरलात की फोनची रेंज ये-जा करते, आणि नेमकी हवी तेव्हा जाते. माझी ती बस एकदा हुकली. चूक सर्वस्वी माझी, चहाच्या दुसऱ्या कपाची. पुढचा दीड तास मी वेगवेगळ्या टॅक्सीवाल्यांना फोन लावायला एका टेकाडावर चढत-उतरत होतो, कारण रेंज फक्त वरच यायची.

स्वतःची गाडी असेल तर पेट्रोल स्किप्टनलाच भरा. ग्रासिंग्टनजवळच्या थ्रेशफील्डवरून बी ६१६० हा रस्ता वर जातो. वाटेत किलन्सीला डाव्या हाताला चुनखडीचा एक प्रचंड कडा रस्त्यावर वाकून उभा दिसेल, वरचा भाग पुढे आलेला. थांबून बघण्यासारखा आहे, पण गाडी रस्त्यात थांबवू नका. मागे ट्रॅक्टर असतोच. ऑगस्टच्या अखेरीस याच कड्याखाली शेतीचं प्रदर्शन भरतं आणि माणसं त्या कड्यावर पळत जाऊन पळत खाली येतात. तो निराळा वेडेपणा, त्यावर पुन्हा कधीतरी.

सॅटनॅव्हवर आंधळा विश्वास ठेवू नका. तुम्ही लेबर्नच्या, म्हणजे उत्तरेच्या बाजूनं येत असाल तर ते तुम्हाला कव्हरडेलमधून पार्क रॅशच्या उतारावर आणून सोडेल. काही ठिकाणी चारास एक असा तो उतार आहे, सायकलवाले पोरांना त्याच्या गोष्टी सांगतात. घाटात गाडी चालवायची सवय असेल तरी समोरून कॅरॅव्हॅन आली की मागे कुणी घ्यायची हा प्रश्न येतोच.

गाडी राष्ट्रीय उद्यानाच्या पैसे भरून लावायच्या तळावर लावा, किंवा त्या आठवड्यात जिथं गाड्या लावायची पाटी दिसेल तिथं. कुणाच्या फाटकासमोर लावू नका. शेतकऱ्याला मेंढ्या हलवायच्या असतात आणि तुमचा नंबर त्याच्याकडे नसतो.

तिसरी पायरी: कोड्यांचं पत्रक घ्या

बरेच नवखे लोक इथं चुकतात. गावात शिरले, दिसेल त्या बुजगावण्यासोबत फोटो काढले, अर्ध्या तासात परत. मग म्हणतात, एवढंच होतं होय?

या उत्सवाची गंमत पत्रकात आहे. पोचल्यावर आधी ते विकत घ्या, गावात विचारलं की कुठं मिळतं ते कुणीही सांगेल. कार्ड चालत नाही असं धरून थोडे सुट्टे पौंड जवळ ठेवा. पत्रकात गावाचा मार्ग असतो आणि वाटेवरच्या बुजगावण्यांबद्दल कोडी. कोडं वाचायचं, ते कुठल्या घरापुढच्या बुजगावण्याला लागू पडतं ते शोधायचं, उत्तर लिहायचं. निवांत केलं तर दोन तास सहज जातात. गावाला मिळणारे पैसे मुख्यतः अशा पत्रकांचे, केकचे नि चहाचे, त्यामुळे चार जणांत एकच पत्रक घेऊन काटकसर करू नका. आमच्या घरात ही काटकसर होते, म्हणून सांगतोय.

कोडी मात्र इंग्रजी शब्दांच्या कसरतीवर बेतलेली. जुन्या मालिका, बालगीतं, एकाच उच्चाराचे दोन शब्द. इथं वाढलेली सात वर्षांची पोर जे एका झटक्यात ओळखते त्यावर आपण एमबीए, इंजिनिअर लोक दहा मिनिटं डोकं खाजवत उभे. भिंतीवर बसलेलं अंड्याचं ध्यान दिसलं की पोरं 'हम्प्टी डम्प्टी' ओरडून पुढे गेलेलीसुद्धा असतात. तेव्हा पेन पोरांच्या हातात द्या.

आमच्यासोबत घडलेला एक प्रसंग सांगतो. एका दारात पांढऱ्या पिठानं माखलेला ॲप्रन घातलेली बाई, म्हणजे बुजगावणंच, आणि तिच्या हातात फुलांचा गुच्छ. मुलगी म्हणाली, सोपंय, पीठ पण 'फ्लॉवर' आणि फूल पण 'फ्लॉवर'. आईनं हे ऐकलं आणि त्या बाईच्या भोवती नीट एक चक्कर मारून आली. म्हणाली, "फ्लॉवर कुठाय? गड्डा तर दिसत नाही." फ्लॉवर म्हणजे भाजी, हे आईचं ठाम मत. शेजारी उभ्या असलेल्या यजमानीण बाईंना आम्ही का हसतोय ते समजावून सांगायला लागलं. समजल्यावर त्या आत गेल्या आणि पुढच्या दहा मिनिटांत स्वयंपाकघरातून खराखुरा फ्लॉवरचा गड्डा आणून बुजगावण्याच्या दुसऱ्या हातात खोचून मोकळ्या. संध्याकाळी परत तिथून गेलो तर तो तसाच होता.

कोडं अडलं तर दारात बसलेल्यांना विचारा. ते उत्तर देणार नाहीत, पण तुमच्याकडे बघून भुवया अशा काही वर-खाली करतील की तुम्हाला कळेल तुम्ही जवळ आहात की लांब. शेजाऱ्याशी काय बोलावं हा इथं नव्या माणसाला पडणारा मोठा प्रश्न. हवामान संपलं की संपलं. या गावात तो प्रश्न नाही. 'हे तुम्हीच केलंत का?' एवढं विचारलं की समोरचा माणूस बुजगावण्याच्या पँटची कुळकथा सांगायला लागतो, ती कुणाची होती, कुठल्या लग्नात घातली होती, आता का बसत नाही.

खाणं-पिणं, कपडे आणि आई-बाबा

ऑगस्ट म्हटलं की डोक्यात ऊन येतं. इथं १८-१९ अंश म्हणजे उकाडा. पाऊस कधीही येतो, अर्ध्या तासात जातो, पुन्हा येतो. छत्रीपेक्षा टोपीवाला रेनकोट बरा, गल्लीत वारा छत्री उलटी करतो. आई-बाबांना स्वेटर आणि पायात बूट. आईनं हट्टानं चपला घातल्या होत्या, चर्चजवळच्या ओल्या दगडांवर तिचा हात मी सोडला नाही.

झेपेल का, याचं उत्तर बहुधा हो असं आहे. गाव लहान आहे, थोडे चढ-उतार आहेत, बसायला बाक आहेत. फक्त बसताना शेजारी जो बसलाय तो माणूस आहे की बुजगावणं ते आधी बघा. गाडीतळाजवळ सार्वजनिक स्वच्छतागृह आहे, गावात शिरतानाच ते बघून ठेवा.

जेवायला पुलाजवळ रेसहॉर्सेस आणि ब्लू बेल आहेत, चर्चकडे गेलं की किंग्ज हेड. त्या आठवड्यात दुपारी एक वाजता गेलात तर टेबल मिळणं कठीण, एक तर बाराला जा नाहीतर अडीचला. शाकाहारी असाल तर चीज-कांद्याचं सँडविच, स्कोन आणि केक यांवर दिवस निघतो. वाटेत स्किप्टनला किंवा ग्रासिंग्टनला चिप्स घेणार असाल तर एक लक्षात ठेवा, यॉर्कशायरमध्ये चिप्स बऱ्याच दुकानांत बीफ ड्रिपिंगमध्ये, म्हणजे गाईच्या चरबीत तळतात. बटाटाच तर आहे म्हणून न विचारता घेऊ नका. 'कशात तळलंय?' असं विचारण्यात इथं कुणाला काही वाटत नाही. माझ्या ओळखीच्या निम्म्या शाकाहारी मंडळींना हे दोन वर्षांनी कळलं, आणि कळल्यावर त्यांचे चेहरे मी बघितलेत.

आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेतो. नदीकाठी बसून खायला झकास. कचरा मात्र आपल्याच पिशवीतून परत.

वागण्याचे काही नियम, जे पाटीवर लिहिलेले नसतात

दगडी कुंपणांवर पोरांना चढवू नका. त्यात सिमेंट नसतं, एक दगड निसटला की हातभर भिंत खाली येते आणि ती परत रचायला जाणकार लागतो. फाटक जसं होतं तसं सोडा. बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. मेंढ्यांना काही खायला घालू नका. वाटेच्या कडेला नेटल नावाचं खाजरं झुडूप वाढलेलं असतं, हाफपँटमधल्या पोरांना त्यापासून लांब ठेवा. लागलंच तर शेजारीच डॉकची रुंद पानं उगवलेली असतात, ती चोळतात. उतारा पडतो की पोरांचं लक्ष दुसरीकडे जातं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

बुजगावण्याला हात लावावा का? शेजारी उभं राहून फोटो काढा, खांद्यावर हात टाकू नका. आप्पांनी एकाचं डोकं 'आत काय भरलंय' म्हणून दाबून बघितलं. आदल्या रात्रीचा पाऊस त्यात मुरलेला होता. पातळ नायलॉनच्या मोज्यातून करडं पाणी आप्पांच्या मनगटावरून थेट कोपरापर्यंत उतरलं आणि बुजगावण्याचा एक गाल कायमचा आत गेला. आम्ही दोघांनी मिळून तो आतून ढकलून परत बाहेर काढला. डोळा थोडा वर सरकला तो सरकलाच. मी यजमानांची माफी मागितली. ते म्हणाले, आता तो माझ्या मेव्हण्यासारखा दिसतोय.

परतताना बोल्टन ॲबीवरून जाणार असाल, तर हीच व्हॉर्फ नदी खाली एका ठिकाणी अगदी चिंचोळी होते, त्याला स्ट्रिड म्हणतात. उडी मारून पलीकडे जाता येईल असं वाटतं. तिथं काठावरही जाऊ नका. पाण्यानं खडक आतून पोखरून काढलाय आणि तिथं माणसं दगावलीत. पोरांचा हात धरून लांबून बघायचं आणि निघायचं.

तुमच्यावरच बुजगावणं करायची वेळ आली तर

ही वेळ येते. असे उत्सव इंग्लंडात पुष्कळ गावांत भरतात. लँकेशरमधल्या रे या गावचाही प्रसिद्ध आहे, तो वसंतात, मे महिन्याच्या सुट्टीच्या सुमारास असतो. आता तर शाळाही आपल्या जत्रेसाठी पालकांना चिठ्ठी धाडतात की घरटी एक बुजगावणं आणा. चिठ्ठी बुधवारी येते, बुजगावणं शुक्रवारी हवं असतं. तेव्हा हे वाचून ठेवा.

पहिल्यांदा करताय तर बसलेलं करा. उभ्या बुजगावण्याला वाऱ्यात तोल लागतो, बसलेल्याला जुनी खुर्ची पुरते. उभंच करायचं असेल तर छातीच्या उंचीच्या वर जाईल अशी जाड काठी मातीत हातभर ठोका आणि खांद्याच्या जागी आडवी काठी सुतळीनं फुलीसारखी करकचून बांधा. खिळा मारू नका, काठी चिरते आणि पहिल्याच वाऱ्यात हात गोल फिरायला लागतो.

मग कपडे. चॅरिटी शॉपमध्ये स्वस्तात मिळतात. पँटचे पाय आणि शर्टाच्या बाह्या खालून सुतळीनं बांधून घ्या, नाहीतर वरून भरलेलं खालून गळतं. भरायला पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारा पेंढा घ्या. पेंढा म्हणजे स्ट्रॉ. इंग्रजीत ज्याला 'हे' (hay) म्हणतात ते वाळलेलं गवत, ते घेऊ नका. ते ओलं झालं की कुजतं, वास मारतं, आणि जवळ मेंढी असेल तर तुमचं बुजगावणं पायापासून कमी व्हायला लागतं. मी पहिल्या वर्षी गवतच आणलं होतं. आप्पांना व्हिडिओवर दाखवलं, ते म्हणाले, "हा तर चारा आहे. तू बुजगावणं करतोयस की गव्हाण?"

सगळाच पेंढा भरला तर पावसात वजन वाढून पोट गुडघ्यावर येतं. त्यामुळे मध्यभागी प्लॅस्टिकच्या जुन्या पिशव्या कोंबा आणि पेंढा फक्त गळ्याशी, मनगटाशी, जिथं डोकावायला हवा तिथं. हातांना बागकामाचे किंवा भांडी घासायचे रबरी मोजे. बुटांत एकेक दगड टाका, रात्री वाऱ्यानं पाय हलत नाहीत.

डोकं हा नाजूक भाग. आपल्याकडे काम सोपं, काळं मडकं पालथं घालायचं, चुन्याचे दोन डोळे नि एक मिशी काढायची. आता तर पुष्कळ रानांत जुन्या कॅसेटची फीत ताणून बांधतात, ती वाऱ्यात सूं सूं करते आणि चमकते. इथं उशीचा अभ्रा किंवा नायलॉनचा पायमोजा चिंध्यांनी गच्च भरतात. अभ्रा बरा. त्याच्या आत आधी एक प्लॅस्टिकची पिशवी घाला, मग चिंध्या. कारण वर आप्पांच्या मनगटाची गोष्ट वाचलीच आहे. चेहरा ॲक्रिलिक रंगानं रंगवा, पोरांच्या पाण्याच्या रंगानं रंगवलात तर पहिल्या सरीत डोळ्यांतून काजळ वाहिल्यासारखं होतं. डोक्यावर रुंद टोपी चढवा. पाऊस अडतो आणि मानेचं शिवण झाकतं.

विषय काय घ्यावा? आपण नवीन आहोत म्हणून इंग्रजी बालगीतच घेतलं पाहिजे असं नाही. आम्ही एका वर्षी नऊवारीतली बाई केली, हातात लाटणं, समोर पोळपाट. पत्रकाला कोडं काही आम्हाला सुचलं नाही, पण लाटण्याबद्दल तीन आज्ज्यांनी थांबून चौकशी केली, त्यातल्या एकीशी, तिचं लाटणं जाड नि बिनमुठीचं, तर हे दोन्ही टोकांना निमुळतं कसं, यावर पंधरा मिनिटं चर्चा झाली. कुणाच्या रंगरूपाची, शेजाऱ्याची किंवा शाळेतल्या बाईंची टर उडेल असं काही करू नका. आणि नऊवारी नेसवायची असेल तर पोट भरण्याआधी नव्हे, भरून झाल्यावर नेसवा. मी उलटं केलं होतं, कासोटा तीनदा सुटला.

यंदा जाणार असाल तर मी सहसा मंगळवारी असतो. पुलाजवळच्या बाकावर डबा उघडून बसलेलं कुटुंब दिसलं आणि त्यातला एकही जण हलत असला, तर ते आम्ही.

आप्पा त्या वर्षी सप्टेंबरात परत गेले. जाताना माझा एक फाटलेला निळा रेनकोट त्यांनी बॅगेत भरला, कशाला ते सांगितलं नाही. जानेवारीत शाळू हुरड्यात आल्यावर त्यांनी फोटो पाठवला. रानाच्या मध्यभागी बुजगावणं, मडक्याचं डोकं, अंगात निळा रेनकोट, त्याच्या खांद्यावर एक होला बसलेला. खाली लिहिलं होतं, "पाखरं भीत नाहीत. पण शेजारचे तात्या दोनदा रामराम घालून गेले, आणि 'लीड्सहून कधी आलास?' म्हणून त्यालाच विचारत होते."